एफपीजीएवर खुला डिस्प्ले कंट्रोलर: देवनागरीसाठी टेक्स्ट मोड की फ्रेमबफर?

कुपवाड लॉजिक (धागाकर्ता)

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. सौद्याच्या वेळी लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव, माल कोणता (हळकुंड, गठ्ठा, कणी) आणि क्विंटलचा दर मोठ्या टीव्हीवर दिसावा अशी त्यांची भुणभुण चालू आहे. सध्या फळा आणि खडू. मी दिवसा कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो आणि रात्री व्हेरिलॉग (चिपमधलं सर्किट लिहायची भाषा) लिहितो, त्यामुळे ही संधी सोडायची नाही असं ठरवलंय.

बोर्ड टँग नॅनो ९के. त्यावर गोविनची जीडब्ल्यू१एनआर-९ चिप, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवायचं अशी एफपीजीए, ८६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे तुकडे), एचडीएमआयचं सॉकेट बोर्डावरच. टूल सगळी खुली: योसिस, नेक्स्टपीएनआर, एपिक्युला. कंट्रोलरचा कोडही खुला ठेवणार. ६४०×४८० चे रंगीत पट्टे टीव्हीवर स्थिर दिसतात, इथवर गाडी आली आहे.

आता प्रश्न. जुन्या पद्धतीचा टेक्स्ट मोड करू का? ८×१६ चे चौकोन धरले तर ८० रकाने आणि ३० ओळी, म्हणजे अक्षरांना फक्त २४०० बाइट. की सरळ फ्रेमबफर, प्रत्येक पिक्सेलला स्वतःची मेमरी? मला टेक्स्ट मोड आवडतो, चिपमध्ये ऐसपैस बसतो. पण पाटी मराठीत हवी. कोणी देवनागरी टेक्स्ट मोडमध्ये बसवली आहे का?

मिरज जंक्शन

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, ब्राउझर फुल स्क्रीन करा, संध्याकाळपर्यंत पाटी चालू. देवनागरी आपोआप येईल. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

पेठेतला शून्य

मामाला फुकटात पाटी, भाच्याला मामाच्या खर्चाने एफपीजीए. दोघं खूश आहेत, तुम्ही कशाला मोडता घालताय?

कुपवाड लॉजिक

मिरज जंक्शन, यार्डात लाइट दिवसातून कधीही जाते. पाय बंद न करता लाइट गेली की एसडी कार्डाचं काय होतं ते कारखान्यात बघून झालंय. या चिपमध्ये बिटस्ट्रीम (सर्किटची रचना) आतल्या फ्लॅशमध्येच राहतो. लाइट आली की पाटी हजर. बूट नाही, अपडेट नाही, काही नाही.

मिरज जंक्शन

त्यावर उपाय आहे. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही. आणि बूटला वीस-तीस सेकंद लागले तर हळद काय कुजणार आहे का? एफपीजीए नको असं म्हणत नाही, पण कारण खरं सांगा. तुम्हाला मजा येते म्हणून करताय. ते चालतंय की.

पेठेतला शून्य

कंट्रोलर क्षणात चालू होईल आणि टीव्ही आपला कंपनीचा लोगो फिरवत बसेल. ह.घ्या.

क्लॉकडोमेन

मूळचा तासगावचा, आता पुण्यात याच धंद्यात. मिरज जंक्शन यांचा मुद्दा आणखी पुढे नेतो: पायसुद्धा नको, त्याचा धाकटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पिको पुरेल. त्यातल्या आरपी२०४० चिपचं घड्याळ २५२ मेगाहर्ट्झवर पळवलं की त्यातून ६४०×४८० डीव्हीआय (डिजिटल व्हिडिओ) बाहेर काढता येतं आणि लोक ते काढतात. पीआयओ हा पिना हलवणारा वेगळा भाग बिट ढकलतो, एन्कोडिंगसाठी एक कोअर खर्ची पडतो. म्हणजे 'फक्त एफपीजीएनेच होईल' असं काही नाही.

तरी धागाकर्त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. एफपीजीएमध्ये व्हिडिओचं वेळापत्रक कोणाच्या मर्जीवर नसतं. एका ओळीचे ८०० क्लॉक: ६४० दिसणारे, १६ पुढचा पोर्च (रिकामी जागा), ९६ सिंक (नवी ओळ सुरू करायची खूण), ४८ मागचा पोर्च. उभ्या दिशेला ५२५ ओळी: ४८०, १०, २, ३३. दोन काउंटर आणि चार-पाच तुलना, बस. मूळ पिक्सेल क्लॉक २५.१७५ मेगाहर्ट्झ, पण तुमच्या बोर्डावर २७ चा क्रिस्टल आहे. २७ ला १४ ने गुणून ३ ने भागलं की १२६ मिळतात, त्याचे पाच भाग केले की २५.२. आणि २५.२ ला ८०० आणि ५२५ ने भागा, बरोबर ६० हर्ट्झ येतात. १२६ हा सिरिअलायझरचा (बिट एकामागोमाग पाठवणाऱ्या भागाचा) क्लॉक, दोन्ही कडांवर बिट जातात म्हणून प्रत्येक वायरीवर सेकंदाला २५२ मेगाबिट. हे सगळं पट्टे दिसतायत म्हणजे तुम्ही केलेलंच असणार, मागून वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

१०८०पीचा मोह धरू नका. तिथे पिक्सेल क्लॉक १४८.५, वायरीवर १४८५ मेगाबिट. ती गोष्ट या चिपच्या पिनांना झेपणारी नाही, आणि यार्डातल्या लांबलचक केबललाही नाही. ६४०×४८० घेणं एचडीएमआयच्या प्रत्येक टीव्हीला बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे डोळे झाकून भरवसा ठेवा.

वाळव्याची सई

मूळ प्रश्नाला कोणी हात लावलाच नाही म्हणून लिहिते. मी फॉन्टचं काम करते.

टेक्स्ट मोडचा पाया असा की एक कोड, एक चौकोन, एक आकृती. देवनागरी यातली एकही अट पाळत नाही. 'कि' मध्ये इकार टाइप होतो मागून आणि दिसतो पुढे. 'र्क' मध्ये र आधी लिहिलेला, पण रफार जाऊन बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'मार्केटिंग' लिहून बघा: 'र्के' वर रफार आणि मात्रा एकत्र, 'टिं' वर वेलांटीचं वळण आणि अनुस्वार. त्याच ओळीत खाली कुठे 'कृ' आला की शिरोरेषेच्या वर एक मजला आणि खाली एक मजला लागतो. १६ पिक्सेलच्या उंचीत हे तीन मजले कोंबले तर लांबून शेतकऱ्याला फक्त डाग दिसतील. २४ ही किमान उंची, ३२ असेल तर उत्तम. शिवाय रुंदी: 'र' आणि 'क्ष' एकाच मापाच्या चौकोनात घातले की एक पोहतो आणि दुसरा गुदमरतो.

आणि आपला खास मराठी माल म्हणजे 'गुऱ्हाळ', 'वऱ्हाड' यातला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिला जातो: एकतर नुक्त्याचा र आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. दिसायला एकच. तुमच्या चौकोनांच्या तक्त्याला हे कोण समजावणार?

जुनी पाटी

सईताईंनी बरोबर लिहिलंय, पण पूर्वी हे हार्डवेअरने केलेलं आहे. जीआयएसटी कार्ड आठवतंय का कोणाला? आयआयटी कानपूरला सुरुवात झाली आणि पुढे पुण्याच्या सीडॅकने ते वाढवलं. पीसीच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायचं, मग डॉसमधले मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमसुद्धा देवनागरी दाखवायचे. मी नव्वदच्या दशकात एका छापखान्यात डीटीपीला होतो. पत्त्यांची यादी डीबेसमध्ये मराठीत भरताना बघायला लोक काउंटरपाशी गोळा व्हायचे.

त्यामागे इस्की होतं, १९९१ चं भारतीय मानक, आयएस १३१९४. अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि दाखवताना जुळवायची. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून आली. तेव्हा 'होत नाही' म्हणू नका. होतं, पण जुळवण्याचं काम कोणाकडे द्यायचं एवढाच प्रश्न आहे.

वाळव्याची सई

काका, 'होत नाही' नाही म्हटलं मी, चौकोनात होत नाही म्हटलं. आणि तुमचं शेवटचं वाक्य हेच माझं उत्तर. जुळवण्याचं काम कंट्रोलरकडे देऊच नका. दर टाइप करायला तिथे लॅपटॉप किंवा फोन असणारच. तिथे हार्फबझ या लायब्ररीने अक्षरं जुळवा, काळ्या-पांढऱ्या पिक्सेलचं चित्र तयार करा आणि तेवढंच बोर्डाला पाठवा. बोर्डाला मराठी येत नाही, त्याला फक्त ठिपके येतात. कानडी व्यापाऱ्यासाठी उद्या कानडी पाटी लागली तर बोर्डात एक ओळही बदलावी लागणार नाही.

हरिपूरकर

यार्डाचं सोडा, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी दाखवा त्याच्यावर. ४० फुटाला इशारा पिवळा, ४५ ला धोका लाल. पावसाळ्यात अख्खी सांगली दर तासाला एकमेकांना तेच तर विचारत असते.

पेठेतला शून्य

२०१९ ला ५७ फुटांच्या वर गेली होती. पाटी मारुती चौकात लावणार असाल तर वॉटरप्रूफ करा, नाहीतर पाटीच पातळी दाखवेल.

हरिपूरकर

अवांतर: आमच्याकडच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. जमिनीखाली, अंधारात, लाइट असो नसो. अस्सल नॉन-व्होलाटाइल मेमरी. २००५ च्या पुराने बरीच पेवं फॉरमॅट केली ती गोष्ट वेगळी.

विश्रामबाग सेव्हन सेगमेंट

दादा, मी इंजिनिअरिंगला आहे. हा धागा वाचून हौसेने टेक्स्ट मोडच केला. फक्त देवनागरी अंक आणि साधी अक्षरं, १६×३२ चे चौकोन. दिसतंय, पण विचित्र: शब्द संपला की शिरोरेषेला पुढच्या रिकाम्या चौकोनात दोन पिक्सेलचं शेपूट फुटतं, आणि शब्द सुरू होताना तेवढीच शिरोरेषा गायब. फॉन्ट तपासला, ठीक आहे.

क्लॉकडोमेन

फॉन्ट बरोबरच असणार. तुझ्याकडे दोन मेमरी एकापाठोपाठ वाचल्या जातात. आधी अक्षराचा कोड, मग त्या कोडवरून फॉन्टची ओळ. ब्लॉक रॅमला (चिपच्या आतल्या मेमरीला) प्रत्येक वाचनाला एक क्लॉक लागतो, म्हणजे उत्तर दोन क्लॉक उशिरा येतं. पण त्या ओळीतला कितवा ठिपका घ्यायचा हे तू आत्ताच्या एक्स काउंटरवरून ठरवतोयस. नवा चौकोन सुरू झाला की पहिले दोन पिक्सेल ठिपक्याचा नंबर नवा आणि ओळ मागच्या अक्षराची. शब्दाच्या मध्ये दोन्हीकडे शिरोरेषा असल्यामुळे ते झाकलं जातं. शब्दाच्या टोकाला उघडं पडतं.

एक्सचे खालचे चार बिट दोन क्लॉक उशिरा ने. त्याच्याबरोबर एचसिंक, व्हीसिंक आणि डिस्प्ले एनेबल हेही दोन क्लॉक उशिरा, नाहीतर सगळं चित्र दोन पिक्सेल सरकेल. इंग्रजी अक्षरांत हा दोष नजरेतून निसटतो, कुठेतरी एखादा ठिपका इकडचा तिकडे एवढंच. आमच्याकडे कोणी नवीन आलं की मी आता चाचणीला देवनागरी ओळ देणार आहे.

आणि बोर्डावर टाकण्याआधी व्हेरिलेटर या सिम्युलेटरमध्ये पळव. एक फ्रेम म्हणजे ८००×५२५, चार लाख वीस हजार क्लॉक. संगणकाला हे किरकोळ आहे. निघालेले पिक्सेल चित्राच्या फाइलमध्ये लिहून मोठं करून बघ. वेव्हफॉर्ममध्ये डोळे फोडण्यापेक्षा शेपूट तिथे लगेच दिसतं.

जुनी पाटी

शिरोरेषेवरून आठवलं. आयबीएमच्या व्हीजीएचा टेक्स्ट मोड ७२०×४०० चा असायचा, म्हणजे चौकोन ९ ठिपक्यांचा, पण फॉन्ट मात्र ८ चाच. नववा ठिपका रिकामा. मग चौकटी काढायच्या रेघा तुटल्या असत्या, म्हणून ठरावीक रेघांच्या कोडांसाठी ते आठवा ठिपका नवव्यात पुन्हा काढायचे. आडवी रेघ अखंड ठेवायचा प्रश्न १९८७ मध्ये त्यांच्याही हार्डवेअरला पडला होता.

विश्रामबाग सेव्हन सेगमेंट

शेपूट गेलं!! धन्यवाद क्लॉकडोमेनदादा. काका, वाचनखूण साठवली.

कुपवाड लॉजिक

सईताईंचं पटलं. मग फ्रेमबफर. पण मेमरीचं गणित कोणी तपासून द्या. १६ बिट रंग घेतला तर सहा लाख चौदा हजार चारशे बाइट. चिपमधल्या ब्लॉक रॅममध्ये शक्यच नाही, मग पीएसरॅम (वेगळी मोठी मेमरी), मग त्याचा कंट्रोलर, मग फिफो (मधली रांग)...

क्लॉकडोमेन

थांब, थांब. दराच्या पाटीला पासष्ट हजार रंग कशाला?

एक बिट प्रति पिक्सेल घे. ६४०×४८० भागिले ८, म्हणजे ३८४०० बाइट. या चिपमध्ये १८ किलोबिटचे २६ ब्लॉक आहेत. ८ बिट रुंदीने वापरलास तर एका ब्लॉकमध्ये २०४८ बाइट बसतात, म्हणजे १९ ब्लॉक. रंगासाठी ८×१६ च्या प्रत्येक चौकोनाला एक बाइट, अर्धा शाईचा आणि अर्धा कागदाचा. २४०० बाइट, आणखी २ ब्लॉक. एकूण २१, पाच शिल्लक. झेडएक्स स्पेक्ट्रमने १९८२ मध्ये हीच युक्ती केली होती, चौकोन ८×८ चा होता एवढाच फरक. तुझा टेक्स्ट मोडचा चौकोन असा वाया जात नाही, तो अक्षरांकडून रंगाकडे बदलून जातो.

पीएसरॅमला हात न लावल्यामुळे दोन वेगवेगळ्या क्लॉकची भानगडही बरीच कमी होते. ब्लॉक रॅमला दोन दारं आहेत. एका दाराने लिहिणारा त्याच्या क्लॉकवर, दुसऱ्याने वाचणारा २५.२ वर.

मिरज जंक्शन

दोन बफर बसत नाहीत मग. ३८ ब्लॉक लागतील. अर्धवट लिहिलेला दर दिसणार. ३१२०० चा ३२५०० होताना मध्येच ३२२०० दिसला तर यार्डात मारामारी होईल.

क्लॉकडोमेन

हा आक्षेप चांगला आहे, आणि तो यूएआरटीवर (साध्या सिरिअल जोडणीवर) खरा ठरेल. ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट. अख्खा पडदा पाठवायला सव्वातीन सेकंद. उभ्या ब्लँकिंगच्या (पडद्यावर न दिसणाऱ्या) ४५ ओळी म्हणजे १.४३ मिलिसेकंद, त्या वेळात जेमतेम १६ बाइट येतील. ३२×६४ चा एक मोठा अंक २५६ बाइटांचा, तो २२ मिलिसेकंद घेईल, म्हणजे एका फ्रेमहून जास्त.

उपाय दोन. एकतर एसपीआय, म्हणजे जास्त वेगाची सिरिअल जोडणी: १० मेगाहर्ट्झला ब्लँकिंगमध्ये सतराशेच्या वर बाइट जातात, म्हणजे सहा अंक आरामात. दुसरा जास्त सोपा: दराच्या चौकोनांचे रंगाचे बाइट आधी काळ्यावर काळे करा, अंक लिहा, मग ब्लँकिंगमध्ये रंग परत द्या. अर्धवट दर कोणाला दिसतच नाही.

पेठेतला शून्य

म्हणजे मारामारी टळली. मनोरंजन गेलं.

इचलकरंजी धोटा

मी लूमवर मीटर दाखवायचे डिस्प्ले बनवून विकतो. भावा, एक रोकडा प्रश्न. सगळा कोड उघडा टाकलास की उद्या कोणीतरी डबीत घालून विकणार. मीच विकीन. तुला काय मिळणार?

कुपवाड लॉजिक

विका की. फक्त बदल केले तर तेही खुले ठेवा. त्यासाठी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं ओपन हार्डवेअर लायसन्स लावतोय, एस वालं.

इचलकरंजी धोटा

आणि मी नाही ठेवले तर? तू कुपवाडातनं इचलकरंजीला कोर्टात येणार? कागदावरचा वाघ आहे तो.

क्लॉकडोमेन

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. सर्न ओएचएलची दुसरी आवृत्ती २०२० ची. तिचे तीन प्रकार: एस म्हणजे बदल आणि ते वापरणारी पूर्ण रचना खुली ठेवा, डब्ल्यू म्हणजे फक्त हा भाग खुला ठेवा, पी म्हणजे नाव राहू द्या आणि काहीही करा. एफपीजीएसाठी सॉफ्टवेअरच्या जीपीएल लायसन्सपेक्षा हे बरं, कारण चिप बनवणाऱ्याचा पीएलएल (क्लॉक बनवणारा भाग), सिरिअलायझर यांसारख्या बाजारात मिळणाऱ्या भागांसाठी त्यात वेगळी तरतूद आहे.

पण हेतू जास्तीत जास्त पाट्या लागाव्यात हा असेल तर डब्ल्यू लावा. एस बघितला की धोटासारखे लोक हातच लावणार नाहीत. कोर्टाचा प्रश्न मग उरतच नाही.

इचलकरंजी धोटा

डब्ल्यू असेल तर मी पीसीबीचं डिझाइन करून देतो. टर्मिनल ब्लॉक, २४ व्होल्ट इनपुट, सगळं. खरंच सांगतोय.

जुनी पाटी

हे बरं झालं.

क्लॉकडोमेन

एक सूचना दोघांना. डबीवर किंवा जाहिरातीत 'एचडीएमआय' छापू नका, ते नाव परवाना घेणाऱ्यांसाठी आहे. आपण पाठवतोय तो सिग्नल १९९९ च्या डीव्हीआयचा, आवाज नाही, काही नाही. 'डिजिटल व्हिडिओ' लिहा.

कुपवाड लॉजिक

ठरलं तर. एक बिट फ्रेमबफर, रंगाचे चौकोन, एसपीआय, डब्ल्यू लायसन्स. मामांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले 'अंक मोठे कर, बाकी तुझं तू बघ.'

विश्रामबाग सेव्हन सेगमेंट

मी पण फ्रेमबफरवर आलो. माझ्या बोर्डाला सॉकेट नव्हतं, वेगळं सॉकेट वायरींनी जोडलं. हॉस्टेलच्या मॉनिटरवर दिसतंय, मेसच्या टीव्हीवर 'नो सिग्नल'.

क्लॉकडोमेन

सॉकेटच्या १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट दिलेत का? काही टीव्ही ते मिळाल्याशिवाय समोर कोणी आहे असं मानतच नाहीत. काही मॉनिटर चालवून घेतात.

विश्रामबाग सेव्हन सेगमेंट

दिले नव्हते. दिल्यावर आलं! मेसचा 'आजचा बेत' लावलाय. पण 'लसूण' मधला ल आणि 'शेव' मधला श हिंदी वळणाचे दिसतायत, मेसच्या मावशीसुद्धा म्हणाल्या हे काय.

वाळव्याची सई

हार्फबझला भाषा मराठी सांगितली नसणार. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी ल आणि श आत असतात, भाषा सांगितली की तेच निवडले जातात. कोड एमआर. फॉन्टमध्येच नसतील तर फॉन्ट बदल. आणि मावशींना नमस्कार सांग.